तीन मिनिटं

बाटलीवर लिहिलंय, तीन मिनिटं.
त्याहून जास्त ठेवू नये, हे खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत,
आणि उर्वेचा चष्मा शाळेच्या बसमध्ये राहिलाय.

हापसालूच्या बाहेर, तिच्या विहिरीत लोखंड उतरतं.
किटलीच्या बुडाला गंज, बेसिनवर तांबूस ओघळ,
आणि केस, जे कधी काळी जवसाच्या धाग्यासारखे होते,
ते आता जुन्या वर्तमानपत्राच्या घडीसारखे.
ट्रीनूनं हेलसिंकीहून बाटली पाठवली
लोकरी मोज्यात कोंबून:
"आई, सोनेरी केसांसाठीच असतो हा. पिवळेपणा मारतो."
मारतो म्हणजे? उर्वेनं मोज्याला विचारलं.

झाकण उघडलं, तर आत दौत.
तळहातावर शाईचं डबकं, गार, घट्ट,
ऑगस्टमध्ये दलदलीतून ब्लूबेरी वेचून आल्यावर
बोटं आठवडाभर जशी राहतात, तसं.
अठ्ठावन्न वर्षांची बाई, नळाखाली ओणवी,
डोक्यावर जांभळा फेस,
आणि मनात उगाच आईच्या चादरी.

आई नीळ घालायची.
टबभर पाण्यात चिमूटभर.
म्हणायची, पांढरं नुसतं घासून पांढरं होत नाही,
त्याला थोडं निळं पाजावं लागतं.
खाडीवरच्या वाऱ्यात चादरी फडफडायच्या
आणि उर्वे त्यांच्या खालून पळायची,
कान नसल्यासारखी.

एक मिनिट झालं असेल, तेवढ्यात दार वाजलं.
एन्डेल.
एन्डेल वर्षातून दोनदा बोलतो.
आज दुसरी वेळ होती.
ट्रेलरचा हूक हवा होता, पण आधी
सौनाचं छत, मग बर्चच्या लाकडाचा भाव,
मग त्याची बोट, मग बोटीला भोक पाडणारा भाऊ,
मग बराच वेळ नुसताच उंबऱ्यावरचा बर्फ.
टॉवेलचा फेटा बांधून ती हं हं करत राहिली.
माणूस बोलायला लागलाय,
त्याला "थांब, माझे केस" असं कसं म्हणायचं.

पंचवीस मिनिटं.

आरशात कबुतराची मान.

तीनदा धुतलं. चौथ्यांदा गरम पाणी संपलं.
ट्रीनू फोनवर हसून हसून खुर्चीवरून घसरली,
मग डोळे पुसत म्हणाली,
"पिवळ्या केसांत हा रंग दिसतच नाही गं, आई,
पिवळ्याला खाऊन स्वतःही विरतो.
पांढरे असतात ना, ते धरतात."

उर्वेनं फोन ठेवला.
दिव्याखाली जाऊन बट बट वेगळी केली.
कानामागे गर्द. भांगावर गर्द.
मानेशी, जिथे आरसा कधी पोचला नव्हता, तिथेही.
म्हणजे इतके.
इतकी वर्षं ती विहिरीला बोल लावत होती,
आणि गंजाच्या आडून
हे सगळं गुपचूप पांढरं होत होतं.

सकाळी सहा चाळीस, उणे अकरा.
टोपी घालायची ठरवून ती टोपी घरीच विसरली,
किंवा विसरली असं म्हणू.
पहिल्या थांब्यावर सगळी पोरं एका ओळीत गप्प.
मग छोटा काउर, दप्तराखाली दबलेला,
"तुम्ही आजारी आहात का?"
"नाही."
"मग ठीक आहे," म्हणून तो खिडकीपाशी बसला.

मिर्टेल मात्र, नववीतली,
दोन हिवाळे जिनं साधं तेरे म्हटलं नव्हतं,
कानातलं एक बोंडूक काढून पायरीवरच थांबली.
"कुठला शाम्पू?"
"ठाऊक नाही. चष्मा नव्हता."
"किती वेळ ठेवला?"
उर्वेनं दार बंद केलं, गिअर टाकला,
डॅशबोर्डवरचा चष्मा नाकावर चढवला.
"शेजारी गप्प होईपर्यंत."

मागे कोणीतरी खुदकन हसलं.
रस्ता पांढरा होता, म्हणजे अगदी पांढरा नव्हे,
सूर्य यायला अजून दोन तास होते,
आणि बर्फात तो रंग होता
ज्याला आई चिमूटभर म्हणायची.